तुम्ही विचारलंत म्हणून : ड्राफ्टमध्ये वरचा नंबर, मग बाकावर का?

ड्राफ्ट म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात ती निवड. तिच्याबद्दल प्रश्न साधारण असा येतो : "पोरगा कॉलेजात सामन्याला वीस-वीस पॉइंट काढत होता, पहिल्या फेरीत निवडला गेला, आणि एनबीएत सहा मिनिटं खेळून परत बाकावर. फुकट गेला का?"

बहुधा नाही. आधी मिनिटांचा हिशेब बघा. सामना 48 मिनिटांचा, मैदानात पाच जण, म्हणजे वाटायला एकूण 240 मिनिटं. संघात नियमित करारावरचे पंधरा जण असतात, पण प्रशिक्षक सहसा नऊ-दहांच्या पुढे जात नाही. पहिल्या पाचांनी प्रत्येकी 33 मिनिटं घेतली की 165 संपली. उरलेल्या 75 मध्ये चार-पाच जण. एकोणीस वर्षांच्या मुलाला त्यात वाटा द्यायचा तर तो सात-आठ वर्षं हेच काम करत आलेल्या कुणाच्या तरी ताटातून काढावा लागतो.

आणि नंबर वरचा म्हणजे नेमका कितवा? पहिल्या फेरीत 30 निवडी असतात. प्लेऑफला न पोचलेल्या 14 संघांमध्ये आधी कोण निवडणार याची लॉटरी निघते, म्हणून वरचे खेळाडू बहुतेक कमकुवत संघांकडे जातात आणि तिथे मिनिटं मोकळी असतात. 25वा खेळाडू चांगल्या संघात जातो, जिथे जागाच नसते. दोघांच्या पहिल्या वर्षाची तुलना करून काहीही कळत नाही.

आता खरं कारण. नवखा मुलगा बाकावर बसतो तो बास्केट होत नाही म्हणून कमी, आणि बचावात अर्धा सेकंद उशिरा पोचतो म्हणून जास्त. कॉलेजातली तीन पॉइंटची रेषा समोरून 6.75 मीटरवर, एनबीएत 7.24 वर. अर्धा मीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण नेमबाज तेवढे मागे उभे राहिले की बचावाला धावायचं अंतर वाढतं. शिवाय कॉलेजात शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची मुदत, 30 सेकंदांचा, इथे 24. आणि सगळ्यात छळणारा नियम बचावातल्या तीन सेकंदांचा, जो कॉलेजात नाही : समोर हाताच्या अंतरावर कुणी नसताना बचावपटू रिंगखालच्या रंगवलेल्या भागात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभा राहिला, तर समोरच्यांना एक फ्री थ्रो आणि वर बॉलही त्यांच्याचकडे. कॉलेजात रिंगखाली तळ ठोकून बसलेल्या उंच मुलाची सवय इथे पहिल्याच आठवड्यात महागात पडते.

एक साधी चाल घ्या. बॉल समोरच्या गार्डकडे, म्हणजे बॉल आणून चाल सुरू करणाऱ्याकडे. त्यांचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, वर येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहतो, आणि वळून रिंगकडे धावतो. आपला नवखा आहे लांबच्या कोपऱ्यात, त्याच्या माणसाकडे बॉल नाही. बघणाऱ्याला वाटतं याचं काही काम नाही, पण या क्षणी सगळ्यात अवघड काम त्याचंच असतं. त्याने आत सरकून धावत येणाऱ्या सेंटरला अंगाने थोपवायचं, पास कोपऱ्याकडे निघताच उलट धावत आपल्या नेमबाजापर्यंत पोचायचं, आणि पोचताना पावलं आखडती घ्यायची. सुसाट गेला तर नेमबाज नुसता हूल देऊन बाजूने निघून जातो. लवकर सरकला तर कोपऱ्यातून तीन पॉइंट, उशिरा सरकला तर सेंटर बॉल थेट रिंगमध्ये कोंबतो. बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात, यातलं काहीच दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या व्हिडिओत प्रत्येक वेळ दिसते. अशा दोन चुका ओळीने झाल्या की बदली खेळाडू उठतोच.

तिसरी अडचण पायांची. कॉलेजात मोसमाला तीस-पस्तीस सामने, एनबीएत 82, आणि मध्ये विमानप्रवास. जानेवारीच्या अखेरीपर्यंत नवख्याने कॉलेजच्या अख्ख्या मोसमापेक्षा जास्त सामने खेळलेले असतात. तिथे जी घसरण येते तिला रूकी वॉल म्हणतात. ओळखायची खूण : शॉट डावी-उजवीकडे न जाता रिंगच्या पुढच्या कडेला आपटायला लागतात. हात बिघडलेला नसतो, पायातून जोर यायचा थांबलेला असतो. यावर जास्त सराव हे औषध नाही, उलट ते दुखणं वाढवतं.

बाकावर बसवून कुणी तयार होत नाही, म्हणून जी लीग, म्हणजे खेळाडू घडवण्यासाठीची एनबीएची खालची लीग, आहे. तिथे पाठवलं की लोकांना ती हकालपट्टी वाटते. आमच्या मते एनबीएत पाच मिनिटं खेळण्यापेक्षा तिथली 35 मिनिटं केव्हाही बरी, कारण तिथला संघ बहुधा मूळ क्लबच्याच चाली खेळतो. पास्कल सियाकम 2016 मध्ये 27वा निवडला गेला. पहिल्याच मोसमात त्याने रॅप्टर्स 905 या टोरंटोच्या तिथल्या संघाकडून त्या लीगची अंतिम फेरी जिंकली, त्या फेरीचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला, आणि 2019 मध्ये टोरंटोबरोबर एनबीएचं विजेतेपद मिळवलं. दुसऱ्या फेरीतल्यांना किंवा निवडच न झालेल्यांना अनेकदा टू-वे करार, म्हणजे एनबीए आणि जी लीग अशा दोन्हीकडे खेळायचा करार, मिळतो : संघाला असे तीन, एनबीएत जास्तीत जास्त 50 सामने, पगार नवख्याच्या किमान पगाराच्या निम्मा. ऑस्टिन रीव्हजने 2021 मध्ये लेकर्सकडे सुरुवात याच करारावर केली. 2015 मध्ये डॅलसने 52वा निवडलेला सतनाम सिंग मात्र टेक्सस लेजंड्स या डॅलसच्या जी लीग संघाकडून खेळला, एनबीएच्या मोसमातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दुसऱ्या फेरीत निवड झाली म्हणजे नोकरी लागली असं नसतं.

सोबतचे खेळाडू हा भाग तर लोक हमखास विसरतात. व्हिक्टर वेम्बान्यामासारखा पहिल्या क्रमांकाचा मुलगासुद्धा 2023 च्या डिसेंबरपर्यंत दुसऱ्या सेंटरच्या शेजारी खेळत होता, आणि बॉल आणून देणारा होता जेरेमी सोहान, जो मुळात गार्डच नव्हे. डिसेंबरात वेम्बान्यामा सेंटरला आला, पुढे मुरलेला गार्ड सोबतीला मिळाला, आणि तोच मुलगा वेगळा दिसायला लागला. मोसमाअखेर सरासरी 21.4 पॉइंट. संघाने तरीही 22 सामने जिंकले, 60 गमावले.

मग वाया गेला हे ठरवायचं कधी? पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर तर नाहीच. 2013 मध्ये 15वा निवडलेल्या यानिस आंतेतोकुंपोची पहिल्या मोसमातली सरासरी 6.8 पॉइंट होती. त्याच ड्राफ्टमधला पहिला, अँथनी बेनेट, चार मोसमांत एनबीएबाहेर गेला. क्लब मात्र आपल्याइतका थांबू शकत नाही. पहिल्या फेरीच्या करारात दोन वर्षं पक्की असतात, तिसरं आणि चौथं क्लबच्या मर्जीवर, यालाच ऑप्शन म्हणतात. तिसऱ्या वर्षाचा निर्णय दुसरा मोसम नुकताच सुरू झालेला असताना, 31 ऑक्टोबरपर्यंत द्यावा लागतो, म्हणजे हाती जेमतेम एका मोसमाचा पुरावा. चौथ्याचा त्याच्या पुढच्या 31 ऑक्टोबरला. बातमीत "ऑप्शन घेतला नाही" असं वाचलंत तर काळजी करा. "जी लीगला पाठवलं" असं वाचलंत तर त्या रात्रीचा तिथला सामना लावा, आणि बॉल दुसऱ्या बाजूला असताना हा मुलगा कोपऱ्यातून कधी आत सरकतो तेवढंच बघा.