मनाली ते काझा, शर्यतीच्या कार्बन सायकलवर : फ्रेमची काळजी सोडा, टायरची करा

हिमाचलातल्या मनाली-काझा रस्त्यावर छत्रू ते बातल हे अंतर साधारण ३२ किलोमीटर. मला ८ तास १० मिनिटं लागली. माझ्या मैत्रिणीची सायकल स्टीलची, दहा वर्षं जुनी, वजनाने माझ्या सायकलीच्या दीडपट. ती साडेसहा तासांत पोचली आणि बातलच्या ढाब्यावर माझी वाट बघत बसली. हा वृत्तांत बराचसा त्या एका दिवसाचा आहे. बाकीच्या चार दिवसांबद्दल निघण्याआधी लोकांनी जे सांगितलं होतं ते खरं निघालं. या दिवसाबद्दल सांगितलेलं जवळजवळ सगळं चुकीचं होतं.

मुख्य गोष्टी दोन ऐकवल्या गेल्या. कार्बनची फ्रेम त्या दगडांवर तडकेल, ही पहिली. आणि सायकल एवढी हलकी आहे तर चढ हसतखेळत होतील, ही दुसरी. पहिलीला घाबरून मी सगळं लक्ष फ्रेमवर दिलं. दुसरीवर विश्वास ठेवून निघण्याआधी सायकलीचे गिअर बदलून घेतले नाहीत. दोन्हीची किंमत त्या ३२ किलोमीटरांत मोजली.

सायकल कोणती, ते आधी सांगते. क्रॉस-कंट्री शर्यतीची कार्बन हार्डटेल, २९ इंची चाकं, पुढे १०० मिलिमीटरचा एअर फोर्क, मागे सस्पेन्शन नाही, पेडलसकट ९.८ किलो. पुढे ३४ दात्यांची एकच चकती, मागे बारा चकत्यांची कॅसेट, सगळ्यात लहान १० दात्यांची, सगळ्यात मोठी ५१. टायर २.२५ इंची, ट्यूबलेस (आत ट्यूब नाही, भोकं बुजवायला सीलंट नावाचं द्रव), वजन कमी ठेवण्यासाठी बाजूच्या भिंती पातळ. ही सायकल कशासाठी बनते हे मी शर्यती करते म्हणून मला माहीत होतं, पण त्याचा या प्रवासासाठी काय अर्थ होतो हे डोक्यात शिरलं नव्हतं. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार १९९६ मध्ये आला. वरच्या पातळीवरची शर्यत आजही साधारण ८० ते १०० मिनिटांची असते, ठरलेल्या वळशावर फेऱ्या मारायच्या, आणि फेरीत ठरावीक जागी पाण्याची बाटली आणि बदली चाक घेऊन आपला माणूस उभा असतो. टायरची भिंत पातळ ठेवली तरी तिथे चालतं, कारण फाटला तर चाक मिळतं. छत्रूच्या पुढे कोणी उभं नसतं. मोबाइलला रेंजही नसते.

अशा फ्रेमला कॅरिअरसाठी भोकं नसतात. त्यामुळे सामान पट्ट्यांनी बांधायच्या पिशव्यांत गेलं : हँडलवर एक, सीटमागे एक, फ्रेमच्या त्रिकोणात एक. ९ किलो सामान आणि २ लिटर पाणी धरून माझी हलकी सायकल २१ किलोंची झाली. मैत्रिणीची सगळं धरून २६. माझं वजन ५७ आहे. म्हणजे चढावर पाय जे ओढत होते ते ७८ किलो, आणि तिच्या सायकलीवर बसले असते तर ८३ झाले असते. फरक सहा टक्क्यांचा. हा हिशोब मी घरी बसून दोन मिनिटांत करू शकले असते.

मनाली ते मढी आणि मढी ते रोहतांग (३,९७८ मीटर) यावर जास्त लिहीत नाही. डांबरी रस्ता, लांब चढ, वाहनांचा धूर, पाऊस. जुलैचा पहिला आठवडा होता. उंचीची सवय कशी करायची, थंडीचे कपडे कोणते, हेही लिहीत नाही. या रस्त्याला निघालेल्याला ते येत असावं. न येत असेल तर निघू नये.

ग्राम्फूला केलाँगचा रस्ता सुटतो आणि आपण उजवीकडे चंद्रा नदीच्या वरच्या अंगाला वळतो. डांबर संपतं. ग्राम्फू ते छत्रू सतरा किलोमीटर खराब आहेत, पण चाक ओळ धरून चालतं. मी तिथे खूश होते. त्या खुशीत छत्रूला टायरमधली हवा बघितली नाही.

उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, आतली हवा तेवढीच राहते, म्हणून टायर आपोआप कडक होतो. मनालीपासून पुढच्या कुंझुम खिंडीपर्यंत हा फरक साधारण ३ पीएसआयचा (पीएसआय म्हणजे टायरमधल्या दाबाचं माप) पडतो. पहाटेच्या थंडीत हवा आकसते म्हणून तो लपतो, आणि दुपारी उन्हात दगड तापले की दिसतो. कारच्या टायरला ३ पीएसआयने काही होत नाही. आपण २४ वर चालवतो, तिथे तीनने टायरची पकड बदलते. मी मनालीत सामानाचा विचार करून मागे २७ भरली होती. छत्रूच्या पुढे दगडांच्या राशीवर ती तीसच्या आसपास असणार. टायर दगडाला कवटाळत नव्हता, त्यावरून घसरत होता. घसरला की दगडाची धार थेट भिंतीवर.

रस्ता म्हणजे काय आहे ते नीट समजून घ्या. खड्डे असलेला रस्ता नाही तो. नदीच्या पात्रातून उचलून आणल्यासारखे गोल धोंडे, नारळाएवढे, काही कलिंगडाएवढे, आणि त्यांच्यामध्ये भुसभुशीत वाळू. चढ फार नाही, आणि म्हणूनच नकाशावर तो दिवस सोपा दिसतो. उंचीचा आलेख बघून अंदाज बांधू नका, इथे तो काहीच सांगत नाही. सीमा सडक संघटनेचं काम चालू आहे, तुम्ही जाल तेव्हा काही तुकडे सुधारलेले असतील. ते आहेत असं धरून वेळ मात्र ठरवू नका.

३४ ची चकती इथे नडली. पुढची चकती जितकी मोठी तितकं पेडल जड. सगळ्यात हलक्या गिअरलाही पेडलच्या एका फेऱ्यात सायकल दीड मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेपाच किलोमीटर. त्या धोंड्यांवर, ३,५०० मीटरच्या वर, सामानासकट माझा वेग चार होता. म्हणजे मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस फेरे, प्रत्येक फेरा दाबून मारलेला, आणि दाबून मारला की मागचं चाक वाळूत फिरतं. मैत्रिणीच्या सायकलीला पुढे तीन चकत्या, सगळ्यात लहान २२ दात्यांची. ती बसून, सावकाश, एकसारखी जात राहिली. ३० ची चकती बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. शर्यतीची फ्रेम ३० घेते की नाही, साखळीची लांबी पुरते का, ते निघण्याच्या महिनाभर आधी बघा आणि बसवा. २८ बसत असेल तर २८.

छोटा दडा हे वाटेतलं ठिकाण ओलांडल्यावर तासाभराने टायर फाटला. मागचा, डावी भिंत, दीड सेंटिमीटर. सीलंट फवाऱ्यासारखं उडालं आणि थांबलं नाही. भोकात भरायची रबरी वात टाकली, एक, मग दुसरी. दोन्ही बाहेर आल्या. तळाला पडलेल्या भोकात वात धरते, भिंतीच्या चिरेत धरत नाही, हे तिथेच कळलं. मग ट्यूब टाकायची तर ट्यूबलेस व्हॉल्व्हची चकती हाताने सुटेना. मी ती घरी घट्ट आवळली होती आणि पक्कड घेतली नव्हती, वजन वाचावं म्हणून. चाळीस मिनिटांनी एक ट्रक आला. ड्रायव्हरने गाडी थांबवली, पक्कड दिली, चाक धरून उभा राहिला आणि काम संपेपर्यंत हलला नाही. त्या रस्त्यावरचे ट्रकवाले सगळे असेच भेटले. त्यांच्याशिवाय माझा हा प्रवास पुरा झाला नसता.

चिरेच्या आत पाठराखण म्हणून जुन्या टायरचा तुकडा लावला, तो मैत्रिणीने निघताना माझ्या पिशवीत कोंबला होता. वर ट्यूब. पुढे बातलपर्यंत निम्म्याहून जास्त अंतर मी सायकल ढकलत गेले, कारण ट्यूब एकच होती.

तेव्हा यादीत हे धरा, वजन कितीही होवो. जाड भिंतीचे टायर, किमान २.३५ इंची, प्रत्येकी दोन-अडीचशे ग्रॅम जास्त गेले तरी चालतील. दोन ट्यूब. जुन्या टायरचे दोन तुकडे. लहान पक्कड. व्हॉल्व्हची चकती फक्त बोटांनी आवळलेली. मागच्या डिरेलरचा (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) जास्तीचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला ज्यावर बसतो तो तुकडा, कारण तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि काझाला मिळणार नाही. ब्रेकला धातूमिश्रित पॅड. माझे रेझिनचे होते आणि वाळू मिसळलेल्या पाण्याने ते पाच दिवसांत पत्र्यापर्यंत आले.

पाण्यावरून आठवलं. छत्रू ते बातल रस्त्यावरून बरेच नाले वाहतात आणि सगळे वरच्या बर्फाचे. सकाळी घोट्याएवढं पाणी दुपारी गुडघ्यावर येतं. साडेपाचला निघा. टायर फाटल्यामुळे मी शेवटचा मोठा नाला दोन वाजता गाठला आणि मांडीपर्यंतच्या पाण्यातून सायकल न्यायला मैत्रीण बातलहून परत चालत आली. सायकल दहा किलोंची असल्याने खांद्यावर टाकून सहज पार करू, असं मी धरून चालले होते. फ्रेमच्या त्रिकोणात पिशवी असली की खांदा घालायला जागाच राहत नाही. दोघींनी दोन टोकांना धरून नेली. नाला सायकलवर बसून कापायचा मोह आवरा. तळाचे धोंडे दिसत नाहीत, आणि बेअरिंगमध्ये जी बारीक वाळू जाते ती आत राहून चरत राहते. परत आल्यावर माझा तळकंस (पेडलचा आस फिरतो ती बेअरिंगची जागा) खोलला तेव्हा ग्रीसच्या जागी राखाडी चिखल होता.

आता फ्रेम. तिला काहीही झालं नाही. दिवसभर चाकाखालून दगड उडून खालच्या नळीवर आदळत होते आणि प्रत्येक आवाजाला माझ्या पोटात गोळा येत होता. संध्याकाळी बातलला मी ती पूर्ण पुसली, नाण्याने ठोकून बघितली. कार्बनला आत इजा असेल तर तिथे आवाज बोदा येतो. सगळीकडे एकसारखा खणखणीत. कार्बनचे थर ज्या दिशेने जोर येणार त्या दिशेने रचलेले असतात, आणि खडबडीत रस्त्याचे हादरे ही तर तिची रोजची कामगिरी. तिला भीती असते ती एकाच ठिकाणी पडणाऱ्या टोकदार माराची, चिमटून आवळण्याची आणि घासण्याची. खालच्या नळीला आणि पिशव्यांच्या पट्ट्या येतात तिथे जाड पारदर्शक पट्टी चिकटवा. ओली वाळू पट्टीखाली गेली की ती पॉलिशपेपरचं काम करते. माझ्या सीटच्या नळीवर एका जागी रंग पूर्ण गेला आहे, ती एकच जागा मी झाकायची विसरले होते. आणि टॉर्क पाना घ्या, किती जोराने आवळलं ते दाखवणारा. हँडल, सीटपोस्ट यांचे बहुतेक स्क्रू ५ न्यूटन मीटरच्या आसपासचे असतात, थकलेल्या हाताला तो अंदाज राहत नाही.

दुसऱ्या दिवशी कुंझुम. ४,५५१ मीटर. सकाळी सहाला बातलचा पूल ओलांडला आणि वळणं सुरू झाली, आणि त्या चढावर मला माझी सायकल परत मिळाली. माती घट्ट होती, मागे ट्यूब होती, हवा २३ वर आणली होती. फोर्कचं लॉक लावून पुढचं सस्पेन्शन बंद केलं, वर बघितलं नाही. वळणावर पेडल मारलं की ती पुढे झेपावते, मागचा त्रिकोण जराही वाकत नाही, दिलेला जोर सगळा रस्त्याला लागतो. नदी खाली दोऱ्यासारखी झाली, समोर बर्फाच्या भिंती उघडल्या. मैत्रिणीच्या पाऊण तास आधी मी वर होते. देवळाला प्रदक्षिणा घातली आणि रडले. सायकल बदलू का, असं त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, आजही नाहीच म्हणेन. तुम्हाला मात्र मी ती घेऊन जा असं सांगणार नाही, टायर आणि चकती बदलल्याशिवाय तर मुळीच नाही.

लोसर ते काझा छान. उतार, ऊन, स्पिती नदी.

हातांचं लिहायला हवं. शर्यतीच्या सायकलीचं हँडल सीटपेक्षा खाली असतं, अंगाचा भार तळव्यांवर येतो. दीड तास चालतं. पाच दिवसांनंतर माझ्या दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि अनामिका बधिर झाल्या. आज घरी येऊन बारा दिवस झाले, डाव्या करंगळीला अजून नीट कळत नाही, शर्टाचं बटण लावताना जाणवतं. हँडल वर घ्या, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) उलटवून किंवा खालच्या कड्या वर-खाली करून. पकड रुंद तळव्याची लावा. दिसायला सायकल वाईट दिसेल, दिसू द्या.

परतीची जीप. काझाहून मनालीला माणशी सीटचे पैसे ठरले आणि पहाटे सामान चढवताना सायकलीचे तेवढेच वेगळे मागितले गेले, दोन सायकली म्हणजे दोन सीटा. बाकीचे प्रवासी बसलेले, गाडी सुरू झालेली. दिले. मला खरा राग पैशांचा नाही. माझी सायकल टपावरच्या लोखंडी कठड्याला वरच्या नळीवरून दोरी टाकून, पायाने दाबून आवळून बांधली. मी ओरडले तेव्हा एक गाठ सैल झाली. मनालीला उतरवली तेव्हा वरच्या नळीवर बोटभर लांबीचा चट्टा होता आणि नाणं तिथे बोदं वाजलं. छत्रूच्या धोंड्यांनी जे केलं नाही ते दोरीने केलं. फ्रेम आता कार्बन दुरुस्त करणाऱ्याकडे आहे.

सायकलीचं भाडं आदल्या संध्याकाळीच ठरवून घ्या, आकडा बोलून. बांधायला स्वतः वर चढा. दोन्ही चाकं काढा, डिरेलर सोडवून आत वळवा, ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठा घाला, फ्रेमला झोपायची चटई गुंडाळा आणि पट्टा फक्त सीटपोस्ट, क्रँक आणि फोर्कच्या पायांवरून घ्या. वरच्या नळीला कोणालाही हात लावू देऊ नका. शेवटच्या ओळीतली सीट मिळाली तर फ्रेम मांडीवर घेऊन बसा. चाकं काढल्यावर ती सात किलोंच्या आत भरते.