‘जिवावर आलंय’चं इंग्रजी

‘नको’ला इंग्रजीत शब्द नाही. ‘नो’ म्हणजे नाही. त्यात नकार येतो, पण ‘आत्ता नको गं’मधला ओढलेला ‘गं’ येत नाही. कंटाळ्याचंही तेच. मराठीत कंटाळा ‘येतो’, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. ‘भांडी घासायचं जिवावर आलंय’ म्हटलं की जे काय आलं ते जिवावर आलं, माणूस नामानिराळा! इंग्रजीत मात्र वाक्य ‘आय’ने सुरू होतं आणि नाखुशी आपल्या नावावर चढते. मग ती मऊ करायला चार शब्द जास्त खर्चावे लागतात.

आपल्या ‘-वंसं वाटत नाही’ला सर्वांत जवळचं ‘आय डोन्ट फील लाइक’. जावंसं वाटत नाही, ‘आय डोन्ट फील लाइक गोइंग’. इथे हमखास ‘फील लाइक टु गो’ होतं, कारण ‘वाँट’च्या मागून ‘टु’ येतो आणि जिभेला तीच सवय असते. पण हा ‘लाइक’ म्हणजे ‘आवडणं’ नव्हे, ‘सारखं’ या अर्थाचा आहे. त्याच्यापुढे नाम लागतं, म्हणून ‘गोइंग’, ‘कुकिंग’, नाहीतर सरळ ‘आय डोन्ट फील लाइक राइस टुडे’. ‘आय ॲम नॉट फीलिंग टु ईट’ हे इंग्रजी कपडे घातलेलं मराठी. आणि कंटाळा आला म्हणून ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणणारा, आपण लोकांना कंटाळा आणतो, अशी कबुलीच देऊन बसतो. आलेला कंटाळा ‘बोअर्ड’, आणणारा ‘बोअरिंग’.

खरी गंमत ‘रिअली’ची. ‘आय डोन्ट रिअली वाँट टु गो’ म्हणजे तशी फारशी इच्छा नाही, जरा आग्रह केलात तर येईनही. ‘आय रिअली डोन्ट वाँट टु गो’ म्हणजे अजिबात यायचं नाही, विषय बंद. शब्द तेच, फक्त ‘रिअली’ने ‘डोन्ट’च्या पलीकडून अलीकडे उडी मारली. ‘डोन्ट’ आधी आला की तो ‘रिअली’चीच हवा काढतो, ‘रिअली’ आधी आला की ‘डोन्ट’ला बळ देतो. पाहुणचाराच्या बोलण्यात ही जागा चुकली की सौम्य माणूस उद्धट ठरतो, आणि का ते त्याला कळतही नाही.

नकार कुठे ठेवायचा हाही असाच प्रश्न. आपण म्हणतो, ‘मला वाटतं, मी येणार नाही.’ तसंच्या तसं ‘आय थिंक आय विल नॉट कम’ केलं की नोटीस बजावल्यासारखं वाटतं. इंग्रजी माणूस नकार पुढे ओढून ‘वाटण्या’वर टाकतो: ‘आय डोन्ट थिंक आय विल कम.’ येणं नाकारलं नाही, नुसतं वाटणं नाकारलं!

‘जिवावर आलंय’ला ब्रिटनमध्ये फार नेमकं वाक्य आहे: ‘आय कान्ट फेस द वॉशिंग-अप.’ भांड्यांकडे तोंड वळवायचीच हिंमत नाही. त्याहून आळशी ‘आय कान्ट बी बॉदर्ड’, म्हणजे कोण करत बसणार! हे स्वतःच्या कामाबद्दल म्हणावं: कपड्यांना इस्त्री करणं, लांबचं दुकान. बोलावणाऱ्याच्या तोंडावर ‘आय कान्ट बी बॉदर्ड टु कम’ म्हटलं की तुझ्यासाठी एवढे कष्ट कोण घेतो, असं ऐकू जातं. तिथे ‘आय वुड लव्ह टु, बट…’ बरं. आधी गूळ, मग कडू.

‘आय वुड रादर नॉट’ हा सभ्य नकार, कारण द्यावं लागत नाही. समोरच्याने काही करू नये असं वाटत असेल, तर त्याचंच भावंड ‘आय वुड रादर यू डिडन्ट’. गोष्ट आत्ताची, पण क्रियापद भूतकाळी, त्यामुळे सूचना चार पावलं लांब उभी राहून बोलते. आपलं ‘नसतं केलंत तर बरं’ याच जातीचं.

आवडीनिवडीसाठी ‘आय ॲम नॉट रिअली इंटू क्रिकेट’ पुरतं. ‘नॉट माय कप ऑफ टी’ आपल्याकडे निबंधात जास्त सापडतं, आणि प्रत्यक्ष चहाबद्दल वापरलं तर कोटी होते. ‘रेन चेक’ अमेरिकेचं. पावसाने बेसबॉलचा सामना रद्द झाला की पुढच्या सामन्यासाठी चालणारं तिकीट, त्यावरून ‘पुन्हा कधीतरी’. ‘मेह’ तर शब्द कमी, खांदे उडवणं जास्त. आपलं ‘हॅ’ आहेच.

चहा की कॉफी, असं विचारल्यावर ‘काहीही चालेल’ला ‘आय डोन्ट माइंड’ म्हणावं. ‘आय डोन्ट केअर’ म्हणजे घाल काय घालायचं ते.

सगळ्यांत फसवं ‘आय ॲम गुड’. भात वाढू का, याचं हे उत्तर म्हणजे ‘नको’. नवख्या यजमानाला वाटतं पाहुण्याने ख्यालीखुशाली सांगितली, आणि तो वाढतो. उलट फजिती जास्त होते. आपल्याकडे पहिला ‘नको’ धरायचा नसतो, तिसऱ्याला डाव थांबतो. इंग्रजी घरात पहिल्याच ‘नो, थँक यू’ला भांडं पुढच्या माणसाकडे सरकतं. भूक असेल तर पहिल्याच फेरीत ‘यस, प्लीज’ म्हणावं. भांडं परत येईल याची खात्री नसते.