कुजलेली एचेवेरिया आणि माझा अख्खा जुलै

एचेवेरिया, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारं रोप, विकताना त्या नर्सरीवाल्यांनी एक वाक्य सांगायला हवं होतं, "ताई, घरी गेल्यावर आतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, काढून टाका." मला अजून त्याचा राग येतो. सांगितलं काय, तर आठवड्यातून दोनदा पाणी. पुण्याच्या पावसाळ्यात मी ते इमानेइतबारे घातलं.

पंधरा दिवसांत खालची पानं गळायला लागली. खालचं एखादं पान वाळून कागदासारखं झालं तर काळजी नको, ते जुनं झालेलं असतं. माझी मात्र पिवळी, पाणीदार होती, नुसता हात लागला तरी खाली पडत होती. रोप उपसलं. वरची माती कोरडी, पण मुळांभोवती जाळीत बांधलेला कोकोपीटचा गोळा. तो पिळला तर पाणी निघालं!

खोड कापलं, आत तपकिरी वर्तुळ. प्रत्येक वेळी सुरी स्पिरिटने पुसून एकेक चकती काढत गेले. चौथ्या चकतीला खोड आतून स्वच्छ, फिकट हिरवं दिसलं. वर गुलाबासारखा पानांचा झुबका आणि खाली जेमतेम बोटाच्या पेराएवढं खोड उरलं.

खरी परीक्षा त्यानंतर. काप चार-पाच दिवसांत सुकतो म्हणतात, पण जुलैतल्या दमट हवेत तो सुकेना. रिकाम्या ग्लासाच्या तोंडावर झुबका ठेवून पंख्याखाली ठेवला, तेव्हा कुठे नवव्या दिवशी खपली धरली. मग कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवला. पाणी बंद. पानं सुरकुतायला लागली. आई रोज म्हणायची, "अगं, तहानलंय ते, घाल की घोटभर." माझाही हात दोनदा तांब्याकडे गेला. पण मूळच नाही तर पाणी पिणार कोण? तोवर हे झाड पानांत साठवलेल्या पाण्यावर जगतं. त्याची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रंही रात्रीच्या गारव्यात उघडतात, त्यामुळे पाणी फार उडत नाही. सव्विसाव्या दिवशी अलगद उचलून पाहिलं, तर दोऱ्याएवढी गुलाबी मुळं! मी आईला हाका मारत सुटले.

मिश्रणाचं सांगायचं राहिलं. दोन भाग जाड वाळू आणि विटांचा चुरा, एक भाग कंपोस्ट. चुऱ्यातली पूड चाळून काढा, नाहीतर तिचा चिखल होतो. कुंडी मातीची, भोक मोठं. मूळच्या मेक्सिकोत ही झाडं डोंगरातल्या खडकांच्या फटींत वाढतात. पाऊस तिथेही पडतो, पण मुळाशी साचत नाही.

गळलेल्यांपैकी देठापर्यंत शाबूत असलेली तीन पानं कोरड्या वाळूवर ठेवली होती. एकाला आता तांदळाएवढं पिल्लू आलंय.

आणि हो, पानांवरची पांढरी भुकटी पुसू नका, ती धूळ नसते, उन्हापासून पानाला जपणारा मेणाचा थर असतो. रोप उपसताना लागलेला माझा अंगठा एका पानावर अजून तस्साच उमटलेला आहे.