भुंगे, वासे आणि परसातला बहावा

मे महिन्यात गुहागरला गावच्या घरी गेलो तर अण्णा (म्हणजे माझे काका) स्टुलावर चढून पडवीच्या वाशांतली भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवत होते. बोट जाईल एवढी गोल भोकं, खाली भुसा, आणि काळाकुट्ट भुंगा त्यांच्या डोक्याभोवती घुंऽऽ. म्हणाले, घर पोखरलं रे मेल्यांनी, आता रॉकेलच ओततो. म्हटलं अण्णा थांबा, आधी परसात चला.

आमचा बहावा मरणाचा फुलतो पण शेंगा बघाल तर कित्येक घोसांना एकसुद्धा नाही. त्याचं काय आहे, या फुलात मध नाहीच, पाहुण्याला वाढायला फक्त पराग. पुंकेसर दहा, पण तीन लांब वाकडे, चार मध्यम आणि तीन अगदी नावाला. भुंगीण मधल्यांना गच्च धरते आणि पंख मिटून छातीचे स्नायू थरथरवते, तेव्हा आवाज एकदम बदलतो, व्हायब्रेटवरचा मोबाईल टेबलावर वाजावा तसा, आणि पराग भुरभुर सांडतो. ती पोरांच्या जेवणाची सोय करण्यात गुंग, तेवढ्यात लांब केसरांचा पराग तिच्या अंगाला लागतो आणि पुढच्या फुलातलं स्त्रीकेसर तो टिपून घेतं. मधमाशीला ही थरथर जमत नाही, म्हणून भुंगे घालवले तर आहेत त्या शेंगाही कमी व्हायच्या!

(पळसाचं वेगळं, तिथे पराग पोचवायला शिंजीर पक्षी नाहीतर खार लागते, आणि शेंगेत टोकाला एकच बी, बाकीची शेंग म्हणजे वाऱ्यावर उडायला पंख.)

बहाव्याची शेंग पिकायला जवळजवळ वर्ष घेते, म्हणून नवीन फुलांत जुन्या काळ्या शेंगा लटकलेल्या दिसतात. आत कप्पे, कप्प्यात एक बी आणि चिकट गोड गर, तो माकडं-कोल्हे खातात आणि बी लांब टाकतात. बी मात्र भलती टणक. मी एकदा तशीच पेरली तर ढिम्म, मग पॉलिश पेपरवर घासून पेरली तेव्हा कुठे उगवली.

अण्णांनी सगळं ऐकलं, पण वाशांना ऑइलपेंट मारलाच. रंगवलेल्या लाकडाच्या वाट्याला भुंगे सहसा जात नाहीत, म्हणून मीपण काही बोललो नाही, परसात सुक्या बांबूचे चार तुकडे टांगून आलो. परवा काकूचा फोन, बांबूत एक भुंगीण राहायला आलीय. आणि दुसरी? अण्णांच्या झोपाळ्याच्या दांड्यात.