दिवा लागतो, पण इंजिन हलत नाही

टेबलावरची खेळण्यातली, रुळांवर विजेने धावणारी मॉडेल रेल्वेगाडी वळणावरून येताना मध्येच थांबली. एचओ मापाचं (खऱ्याच्या 1:87 आकाराचं) डिझेल इंजिन, 12 व्होल्ट डीसी, दोन बोगी (चार-चार चाकांचे गाडे), आठही चाकांतून वीज घेणारं. आदल्या फेरीपर्यंत छान धावत होतं. घर रत्नागिरीत, खाडीपासून फार लांब नाही, आणि पाऊस नुकताच सुरू झालेला. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, तसं या छोट्या गाड्यांचंही लावावं लागतं. दमट, खाऱ्या हवेत धातूची प्रत्येक जोडणी कुरकुरते.

गाडी थांबली की आपला हात आधी रुळांकडे जातो. माझाही गेला. तासभर रूळ आणि चाकं पुसली आणि तो तास फुकट गेला, कारण उत्तर समोरच होतं. इंजिनाचा पुढचा दिवा लख्ख पेटत होता. रूळ किंवा चाकं मळली की गाडी आधी अडखळते, दिवा मिणमिणतो, बोटाने ढकलली की दोन वीत जाते आणि मगच थांबते. दिवा ठणठणीत आणि मोटार गप्प, म्हणजे वीज इंजिनात पोचते आहे, बिघाड त्याच्या पुढे आहे. दिवा मंद होऊन कंट्रोलर (रुळांना कमी-जास्त वीज देणारा डबा) घूं घूं करू लागला, तर मोटार कुठेतरी अडकली आहे आणि जास्त करंट ओढते आहे. दोन्ही नाही, दिवा मिणमिणतो किंवा विझलेलाच आहे, तरच रुळांकडे वळायचं.

पुढचं काम मल्टिमीटरचं. कंट्रोलर पूर्ण फिरवून, इंजिन रुळावर ठेवूनच दोन्ही रुळांमधला व्होल्टेज मोजायचा. नुसत्या रिकाम्या रुळावर मोजलेला आकडा फसवतो, कारण भार नसताना गंजलेल्या जोडणीतूनही पूर्ण व्होल्टेज दिसतो. इंजिन ठेवल्यावर 12 चे 4 झाले, तर गोम वायरीत किंवा रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या चिमट्यात. हे चिमटे इथे हटकून दगा देतात. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसा हिरवट थर चिमट्याच्या आत चढतो आणि वरून काही दिसत नाही. चिमट्यावर विसंबूच नये. दर मीटरभर रुळाच्या बाहेरच्या अंगाला वायर डाखून ती खालच्या 1.5 चौरस मिलिमीटरच्या मुख्य वायरीला जोडावी. माझ्याकडे तशा वायरी होत्या, आकडा 11.8 वर टिकून होता. म्हणजे रुळांपर्यंत वीज नीट येत होती.

मग टप, म्हणजे इंजिनाचं वरचं कवच, काढला. मोटारीच्या दोन टोकांवर मीटर लावला, तिथेही 11.8. एवढ्या एका मोजणीने चाकं, चाकांना घासणाऱ्या पितळी पट्ट्या आणि डाखलेल्या वायरी निर्दोष सुटल्या. वीज बंद करून मोटारीचा रोध मोजला. धडधाकट असताना याच मोटारीचा 22 ओहम लिहून ठेवलेला होता. (नवं इंजिन आलं की पहिल्या दिवशीच हा आकडा वहीत टिपून ठेवा.) आता मीटर काहीच दाखवेना. फ्लायव्हील (मोटारीच्या दांड्यावरचं जड चाक) बोटाने सावकाश फिरवलं, तर एखाद्या जागी आकडा चमकून जायचा. गुंडाळी तुटली असती तर निदान दुसऱ्या जागी आकडा स्थिर आला असता. सगळीकडेच तुटक, म्हणजे कार्बन (मोटारीला वीज देणारे घासते तुकडे) कम्युटेटरवर, म्हणजे दांड्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या फिरत्या गोलावर, नीट टेकत नाहीत.

मोटार जुन्या धाटणीची, कार्बन बाहेरून काढता येतात. ते काढताना इंजिन आणि दोन्ही हात पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आतली स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी असते, उडाली की फरशीवर सापडत नाही. एका बाजूची स्प्रिंग गंजून दोन तुकडे झालेली निघाली. दुसरी शाबूत, पण तिचा कार्बन काळ्या चिकट लगद्यात रुतून बसलेला. हा लगदा म्हणजे बेअरिंगला जास्त घातलेलं तेल आणि कार्बनची भुकटी. तो कम्युटेटरच्या फटींतही भरतो आणि तांब्याच्या पट्ट्या आपसात जोडून टाकतो.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, 99 टक्क्यांचं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातलं. हात धुवायचं सॅनिटायझर नको, त्यातल्या ग्लिसरीनचा चिकट थर मागे राहतो. कानकाडीने कम्युटेटर पुसला, फटी लाकडी दातकोरणीने उकरल्या. सुई किंवा ब्लेड लावू नये, तांब्यावर ओरखडा पडला की कार्बन भराभर झिजतो. पॉलिश पेपर तर नकोच, ना इथे ना रुळांवर. त्याच्या बारीक रेघांतच पुढची घाण अडकते.

कार्बन आणि स्प्रिंग त्याच जातीच्या एका निकामी मोटारीतून काढून घातले. मिक्सरचे कार्बन घासून बसवण्याचा सल्ला बाजारात हमखास मिळतो. बसतातही. पण ते 230 व्होल्टसाठी केलेले असतात, 12 व्होल्टच्या मोटारीच्या कार्बनमध्ये बहुधा तांबं मिसळलेलं असतं. मिक्सरचा कार्बन लावला की त्यातच व्होल्टेज खर्च होतो आणि गाडी रांगते. दोन्ही कार्बन नेहमी जोडीनेच बदलावेत.

रोध 23 ओहम आला. तेल शिवणयंत्राचं, सुईच्या टोकावर येईल तेवढं, फक्त दोन बेअरिंगना. घरात खोबरेल हाताशी असतं म्हणून ते घालणारे भेटतात. थंडीत ते थिजतं. टप न लावता अर्ध्या वेगाने अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे चालवलं, म्हणजे नवा कार्बन कम्युटेटरच्या गोलाईवर बसतो. सुरुवातीला 0.4 अँपिअर ओढत होतं, शेवटी 0.25 वर आलं.

डीसीसी (प्रत्येक इंजिनाला रुळांतून वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत) असेल तर यातलं काहीही करण्याआधी डिकोडर, म्हणजे तो हुकूम वाचणारी इंजिनातली चकती, उपसून त्याच्या जागी साधा प्लग लावा आणि डीसीवर चालवून बघा. चाललं, तर मोटार बरी आहे. बऱ्याच डिकोडरमध्ये सीव्ही 8 (डिकोडरच्या सेटिंगचा आठवा कप्पा) मध्ये 8 भरलं की मूळ सेटिंग परत येतं, मात्र इंजिनाला हाक मारायचा क्रमांक, म्हणजे पत्ताही 3 होतो. तो विसरून इंजिन मेलं म्हणणारे पुष्कळ.

आता पावसाळ्यात इंजिनं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत असतात. कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती एलईडीने साधत नाही, तो फारसा तापत नाही. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक इंजिन पाच मिनिटं फिरवायचं आणि वहीत करंट लिहायचा. 0.25 चे 0.35 झाले की टप काढायचा.