पायाला करंट, मग लघवीची घाई कशी थांबणार?

तुम्ही विचारलंत म्हणून. दवाखान्याच्या दारात चपला काढता काढताच हा प्रश्न येतो, आणि पाठोपाठ "शॉक देता काय हो?"

शॉक नव्हे. आतल्या घोट्यामागून तळपायाकडे जाणारी टिबियल नस कण्यातल्या एल 4 ते एस 3 (एल म्हणजे कंबरेचा भाग, एस म्हणजे त्याखालचा) मधून निघते, मूत्राशयाच्या नसा एस 2 ते एस 4 मधून. मुळं एकमेकांत मिसळलेली. खालून सौम्य, एकसुरी झणझण जात राहिली की मूत्राशयाचं अवेळी आवळणं मंदावतं, असं मानतात. आत नेमकं काय घडतं यावर एकमत नाही, हेही सांगते.

टेन्स मशीनवर, म्हणजे कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधून सौम्य करंट देणाऱ्या यंत्रावर, साधा सलग मोड ठेवायचा, बर्स्ट (थांबून थांबून येणारा) नको. 10 ते 20 हर्ट्झ (सेकंदाला तितके ठोके), पल्स म्हणजे एकेक ठोका 200 मायक्रोसेकंद, वेळ 30 मिनिटं. एवढं कागदावर लिहून दिलं तरी बिघडतं ते पॅड लावताना.

कागलहून एसटीने येणाऱ्या एका मावशींचंच घ्या. अंबाबाईच्या दर्शनरांगेत उभं राहायची धास्ती. घरी मशीन आणून तीन आठवडे लावलं, गुण शून्य. "मशीनच भिकार हाय." म्हटलं, लावून दाखवा. पाय खोबरेलाने चकचकीत, पायात पैंजण, पॅड बाहेरच्या घोट्यावर आणि त्याचा एक कोपरा उचललेला. चिकटलेल्या तेवढ्याच भागातून करंट गेला की कातडी चावते, म्हणून त्या आकडा वाढवतच नव्हत्या. पैंजण काढलं, पाय साबणाने धुऊन कोरडा केला. काळ्या वायरचं पॅड आतल्या घोट्याच्या वर 5 सेंटिमीटरवर, दुसरं तळपायाच्या कमानीजवळ. करंट हळूहळू वाढवला. काहीच नाही, पॅड हाडावर चढलं होतं. टाचेमागच्या दोरीसारख्या जाड शिरेकडे बोटभर मागे घेतलं आणि अंगठा खाली वळला. "अगं बया, आपोआप हलायलाय!" तळव्यात मुंग्या आल्या. मग हलणं थांबेल, मुंग्या राहतील इतकं खाली आणलं. दहा-पंधरा मिनिटांनी मुंग्या बोथट होतात, तेव्हा किंचित वाढवायचं.

शुगरने तळवे बधिर असतील तर मुंग्यांची वाट बघत करंट चढवू नका, अंगठ्याकडे बघा. पेसमेकर, गरोदरपण, पायाला जखम असेल तर नकोच. आधी लघवीची तपासणी, शुगर, आणि लघवी झाल्यावर आत किती उरते ते बघायचं. खोकताना गळतं तो आजार वेगळा, तिथे ह्याची आशा धरू नका.

"मग खात्री किती?" 2010 च्या अमेरिकन चाचणीत 220 जणांपैकी खऱ्या उपचारात 54.5 टक्क्यांना, खोट्यात (उपचार दिल्याचा नुसता देखावा) 20.9 टक्क्यांना फरक पडला. पण तिथे करंट पॅडमधून नव्हे, घोट्याजवळ टोचलेल्या बारीक सुईतून होता. नुसत्या पॅडची चाचणी ब्रिटनच्या वृद्धाश्रमांत 406 जणांवर झाली, 6 आठवड्यांत 12 वेळा. खोट्यापेक्षा जास्त गुण आला नाही. ते लोक फार थकलेले होते, असं मी स्वतःला समजावते. पटतं, पूर्ण नाही.

"12 आठवडे करा, सुटाल," असं पूर्वी मीच सांगत होते. चूक होती. गुण आला तर पुढेही महिन्याकाठी एखादं सत्र बहुतेकांना लागतं. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, म्हणून हा पर्याय मी अजून ठेवते.

मावशींच्या वहीत रात्रीच्या फेऱ्या चारावरून दोनवर आल्यात. रांगेत मात्र अजून उभ्या राहिलेल्या नाहीत. पॅडचं जेल सुकलंय, नवीन जोडी आणायला सांगितलीय.