कंसातली वाक्ये

आज दुपारी ऑफिसात अण्णांनी नेहमीप्रमाणे आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या झाकणात ठेवली आणि मला त्यांच्याकडे बघता आले नाही. घडले ते एवढेच. भाकरी मी खाल्ली, ठेचा तिखट आहे असेही म्हणालो. पण संध्याकाळी घरी येईपर्यंत तो घास घशातच अडकून राहिल्यासारखे वाटत होते.

गुरुवारी साहेबांनी केबिनचे दार लावून घेतले आणि मार्चअखेरनंतर अण्णांचा विभाग मी सांभाळायचा असल्याचे सांगितले. एवढ्यात कोणाला बोलू नका, असेही बजावले. मी म्हणालो, अण्णांचे ऐकून वाईट वाटले. ते खोटे नव्हते, पण ते वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच पगारात किती फरक पडेल आणि तेवढ्यात घराचा हप्ता आणि धाकटीची फी दोन्ही निघतील का, याचा हिशेब मी करत होतो. त्या हिशेबाने मला दोन रात्री झोपू दिलेले नाही.

काल रात्री उठून कपाटातून अमेरिकन कादंबरीकार जोसेफ हेलरची ‘समथिंग हॅपन्ड’ काढली. ‘कॅच-22’ 1961मध्ये आली आणि त्यानंतर तब्बल 13 वर्षांनी, 1974मध्ये, ही दुसरी कादंबरी. हेलरने स्वतः न्यूयॉर्कमध्ये मासिकांच्या जाहिरात विभागांत नोकरी केली होती, त्यामुळे ऑफिसातली भीती त्याने दुरून पाहिलेली नाही. मी ती तिशीत वाचली होती आणि एका सुखवस्तू अमेरिकन माणसाची अखंड कुरकुर म्हणून बाजूला ठेवली होती. तिचा नायक बॉब स्लोकम बंद दारे पाहून धास्तावतो, हे तेव्हा मला अतिरंजित वाटले होते. त्याच्या ऑफिसात तो पाच जणांना घाबरतो, त्या पाचांतला प्रत्येक जण आणखी चौघांना घाबरतो आणि भीतीची ही उतरंड पार वरपर्यंत जाते. ती कंपनी नेमके करते काय, हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही. आज एक्कावन्नाव्या वर्षी यातले काहीच मला अतिरंजित वाटले नाही.

स्लोकमचा वरिष्ठ आर्थर बॅरन त्याला सहकारी अँडी कॅगलची जागा देऊ करतो, त्या पानांवर मी थांबलो. कॅगल लंगडतो, स्लोकमवर विश्वास टाकतो आणि स्लोकमलाही तो आवडतो. तरीही कॅगलच्या त्या अधू पायावर लाथ मारावी, अशी ऊर्मी स्लोकमच्या मनात उठते. तिशीत या जागी मला त्याची किळस आली होती. काल नुसती ओळख पटली, आणि ती किळसेपेक्षा जास्त जड होती.

या कादंबरीत कंस फार आहेत. स्लोकम एक वाक्य बोलतो आणि लगेच कंस उघडून त्याखालचे दुसरे वाक्य सांगतो. काही कंस पानभर चालतात. हेलरचे खरे धाडस मला या कंसांत दिसते. त्यात शैलीची हौस कमी आहे आणि नोकरी करणाऱ्या माणसाच्या मनाची रचनाच जास्त आहे. मी गुरुवारी साहेबांसमोर जे बोललो ते कंसाबाहेरचे, आणि हप्त्याचा हिशेब कंसातला.

रात्री दोन वाजता मला स्वतःची फार कणव आली. चोवीस वर्षे सकाळी 8:10ची बस पकडली; कोणाचे वाईट चिंतले नाही, कोणाच्या मागे चुगली केली नाही, आणि त्याचे फळ म्हणून हे माझ्या वाट्याला यावे? दुसऱ्याच्या खुर्चीची किल्ली देताना मला विचारायचे तरी होते. आपण नाही म्हणू शकत नाही, हे साहेबांना आधीच माहीत असते, याचेच सर्वांत जास्त वाईट वाटले. हिने विचारले, काय झाले. पित्त, म्हणालो.

पहाटे शेवटची पाने पुन्हा वाचली. अपघातात सापडलेल्या मुलाला स्लोकम घाबरून इतके घट्ट कवटाळतो की त्या मिठीनेच तो मुलगा जातो. त्यानंतर स्लोकम बढतीच्या जागेवर रुजू होतो आणि त्याने कारभार हाती घेतल्यावर सगळे खूश दिसतात. या शेवटाला क्रूर म्हणतात. मला तो भयंकर प्रामाणिक वाटला, कारण तिथवर येताना स्लोकमने सगळे कबूल केले आहे, पण कंसात, स्वतःपुरते. ज्यांच्याबद्दल ते होते त्यांच्यापर्यंत त्यातले फारच थोडे पोचले.

म्हणून माझे वाक्य मी इथे कंसाबाहेर लिहितो. अण्णांना काढणार हे ऐकून मला पहिल्यांदा आनंद झाला. दुःख नंतर आले. क्षणभरच नंतर, पण नंतर. हे लिहून झाल्यावर छाती थोडी मोकळी झाली, आणि आनंद झाला म्हणून मी अण्णांचा शत्रू ठरत नाही, हेही पटले. हप्ता खरा आहे, तशीच सोळा वर्षांची अर्धी भाकरीही खरी आहे.

जागा नको, असे म्हणण्याची माझी ऐपत नाही आणि ते मी म्हणणार नाही. मात्र सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधी साहेबांकडे जाऊन, अण्णांना तुम्ही आज सांगता की मी सांगू, एवढे विचारणार आहे. त्यांचे उत्तर काहीही आले तरी डबा उघडण्यापूर्वी अण्णांना ते कळलेले असेल.